वरच्या आवाजाला वेगळा अ‍ॅम्प

१२ जुलै, शनिवार

जावई सकाळपासून टीव्हीच्या मागे. मोठे दोन स्पीकर आणून तीन आठवडे झाले, हात अजून थांबत नाही. आज नवीन. अ‍ॅम्पमध्ये सात स्पीकरांची सोय, आपल्याकडे पाचच. उरलेल्या दोन जागा फुकट का घालवायच्या? तर म्हणे पुढच्या दोन्ही स्पीकरांना दोन-दोन अ‍ॅम्प द्यायचे. खालच्या आवाजाला एक, वरच्याला एक. बाय-अ‍ॅम्पिंग. वैशूला समजावत होते. मी बीन्स निवडत होते, सगळं ऐकलं.

वैशू म्हणाली, "आईला विचार की."

केदारराव म्हणाले, "अगं, आईंचं माइकचं होतं. हे होम थिएटर आहे."

वाईट बोलले नाहीत. प्रेमानेच बोलले. मी बीन्स निवडत राहिले.

१४ जुलै, सोमवार

दोघं ऑफिसला. बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधली ही घरं दुपारी इतकी गप्प असतात की फ्रिजचा आवाज मोजता येतो. जुन्या शहरात, बळेपेटला, दुकानाच्या वरच राहायचो तेव्हा असं नव्हतं. गुडघ्यांनी जिने नको म्हटलं म्हणून लेकीकडे आले, चार वर्षं झाली. दुकान नागराजला दिलं. माझ्याकडे लागला तेव्हा बॉक्स उचलायचा, आता मालक आहे. चांगला चालवतो.

हे गेले तेव्हा वैशू आठ वर्षांची. सगळे म्हणाले, अक्का, सामान विकून टाक, बाईमाणसाने माइक सेट लावायचा असतो का. चोवीस वर्षं लावला. लग्नाची छत्रं म्हणजे कार्यालयं, गणपती, कन्नड राज्योत्सव, शाळांची गॅदरिंग. मैक अक्का म्हणायचे, माइकवाली ताई. अजून म्हणतात.

हे जावयांना कधी सांगितलंच नाही वाटतं मी. "आईंचं माइकचं दुकान होतं" एवढंच त्यांना माहीत. किराणा असल्यासारखं.

१८ जुलै, शुक्रवार

केदाररावांनी (वहीत के.राव पुरे) वायरी आणल्या. जाड, निळ्या, सुंदर. रविवारी मित्र येणार ऐकायला.

डॉक्टरकडे जाऊन आले, कानांचं. डावा अजून थोडा उतरलाय. वरचे स्वर जवळजवळ नाहीत. उजवा वयाच्या मानाने सरी, म्हणजे ठीक. डॉक्टरणीने विचारलं, गोंगाटात काम करत होता का? म्हटलं, गोंगाट नाही, मी तो नीट ऐकू येईल असा करत होते. हसली ती.

वैशूला "सगळं ठीक" एवढंच सांगितलं.

२० जुलै, रविवार

आज जे झालं ते लिहून ठेवते.

चारला मित्र आले. आशुतोष, नागपूरचा, खालच्या मजल्यावर राहतो. आणि ऑफिसमधला गिरीश, इथलाच, मंड्याकडचा. कॉफी, भजी. जावयांनी आधी जुन्या जोडणीवर गाणं लावलं, मग आत जाऊन नव्या वायरी लावल्या, पुन्हा तेच गाणं. "ऐकलंत? पडदा बाजूला झाल्यासारखं." आशुतोष मान हलवत होता. गिरीश म्हणाला, "स्वल्प फरक आहे." मी दारात उभी. मला फरक ऐकू आला नाही. पण मला न ऐकू आलं याला आता काय किंमत.

पाच-सहा मिनिटांनी अ‍ॅम्प आपोआप बंद पडला. परत चालू केला, परत बंद. के.राव म्हणाले, "लोड वाढलाय ना, गरम होतोय. होईल सवय त्याला." आणि तिसऱ्यांदा बटणाकडे हात.

तोवर मी पुढे जाऊन अ‍ॅम्पवर तळवा ठेवला होता. तव्यासारखा.

"थांब. हात लावू नकोस."

तोंडातून निघून गेलं. जावयाला अरे-तुरे, तेही मित्रांसमोर. आठ वर्षांत कधी नाही. पण तेव्हा मी मैदानावर होते, घरात नव्हते. टॉर्च घेतली, गुडघे टेकले, उजव्या स्पीकरच्या मागे बघितलं. तिथे चार स्क्रू असतात. खालचे दोन, वरचे दोन. एकच अ‍ॅम्प असला की वरच्या-खालच्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या ठेवायच्या. दोन अ‍ॅम्प लावले की पट्ट्या आधी काढायच्या, नाहीतर दोन अ‍ॅम्प एकमेकांच्या अंगावर येतात. डावीकडच्या त्यांनी काढल्या होत्या. उजवीकडच्या विसरले.

काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. तासभर थंड होऊ दिला. चालू झाला, नीट आहे.

गिरीश कन्नडमध्ये म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं, अम्मा?" सांगितलं. बळेपेटचा मैक सेट म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला. त्याच्या काकाच्या लग्नात आमचा सेट होता म्हणे.

के.राव पट्ट्या मुठीत धरून बसले होते.

२१ जुलै, सोमवार

के.राव तुटकच. सकाळी "येतो" एवढंच. वैशू म्हणते, "तू बरोबर होतीस, सोड ना." बरोबर असण्याचा प्रश्न नाही. माणसाला त्याच्या मित्रांसमोर त्याच्याच घरात...

पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी छाती फुगली आहे. तेही लिहून ठेवते.

२२ जुलै, मंगळवार

संध्याकाळी के.राव स्वतः आले, माझ्या खोलीत, खुर्ची ओढून बसले.

"आई, तुम्ही महिनाभर बघताय. काहीच का नाही बोललात?"

"विचारलं नाहीत तुम्ही."

मग म्हणाले, "बरं, आता विचारतो. दोन अ‍ॅम्पने फायदा आहे की नाही?"

म्हटलं, अशा जोडणीत नसावा. दोन्ही अ‍ॅम्प एकाच डब्यात, एकाच ट्रान्सफॉर्मरवर. गच्चीवरची टाकी एक, तुम्ही नळ दोन लावलेत. पाणी वाढत नाही. शिवाय आवाज खालचा-वरचा असा वाटून देणारी जाळी अजून स्पीकरच्या पोटातच आहे. दोन्ही अ‍ॅम्प सगळाच आवाज पाठवतात, अर्धा तिथे वाया.

"पण मला फरक ऐकू आला, आई. खरंच आला."

"आला असेल. मी तुमच्या कानात नाही."

"मग ठरवायचं कसं?"

हा प्रश्न बरोबर होता. किती वर्षांनी कुणी मला बरोबर प्रश्न विचारला.

जाताना दारात थांबून म्हणाले, "आणि त्या दिवशी 'थांब' म्हणालात ना, तसंच म्हणत जा. बरं वाटलं."

२४ जुलै, गुरुवार

नागराजकडे जाऊन आले. ऑटोवाल्याने सिल्क बोर्डच्या चौकात, कोंडीत, अर्धा तास बसवून ठेवलं. दोन जाड स्विच घेतले, असे की एक जोड सुटल्याशिवाय दुसरा लागत नाही. नाहीतर फिरवताना पुन्हा दोन अ‍ॅम्प एकत्र. नागराज म्हणाला, "अक्का, मी करून देतो, तुमचे डोळे..." म्हटलं, सोल्डरचं लोखंड गरम कर आणि बाजूला हो.

सोळा जोड सोल्डर केले. एकही गार पडला नाही, सगळे पक्के. हात अजून ऐकतात.

२६ जुलै, शनिवार

स्विचचा डबा के.रावांना दाखवला. दोन्ही स्विच एकाच बटणावर. ते डावीकडे, तर वरच्या आवाजाला स्वतःचा अ‍ॅम्प. उजवीकडे, तर तो खालच्याच्याच अ‍ॅम्पवर. बाकी काही बदलत नाही. आवाजाची पातळी मीटर लावून दोन्हीकडे तपासली. सारखी हवी, कारण जरा मोठा वाजला की माणूस त्यालाच चांगला म्हणतो. हे मंडळवाल्यांकडून शिकले मी.

त्यांनी डबा फिरवून फिरवून बघितला. "हे तुम्ही केलंत?" तीनदा विचारलं.

मग मी कानाचं सांगितलं. ठरवलं नव्हतं, पण उद्याच्या आधी सांगणं भाग होतं. डावा कान वरच्या आवाजापुरता गेलाय. म्हणून उद्या मी फक्त चाचणी घेणार, ऐकणारे तुम्ही. निकालात माझं मत धरायचं नाही.

केदारराव म्हणाले, "वैशूला माहीत आहे?"

"नाही."

"मी सांगू की तुम्ही?"

मी सांगितलं, आत जाऊन. वैशू आधी रागावली, मग माझ्या डाव्या बाजूने उठून उजव्या बाजूला येऊन बसली.

२७ जुलै, रविवार

चाचणी झाली.

चादर टांगली, मी डब्यासकट मागे. नाणं उडवून ठरवायचं कुठली जोडणी, वहीत टिपायचं. आधी दोन्हीची ओळख करून दिली. हा एक, हा दोन. मग सोळा वेळा वाजवलं, प्रत्येकाने आपापल्या कागदावर एक की दोन लिहायचं, बोलायचं नाही. दर वेळी बटण दोन्हीकडे फिरवून मगच जागेवर आणत होते, नाहीतर टिक् आवाजावरूनच ओळखतील. गिरीशच्या ते लक्षात आलं. म्हणाला, "अम्मा, ऑफिसमध्ये टेस्टिंग टीमला तुम्हीच हव्यात."

कागद जुळवले. केदारराव नऊ बरोबर. आशुतोष सात. गिरीश आठ. वैशूला काही देणंघेणं नव्हतं, कपडे घड्या घालत ऐकत होती, तिचे दहा.

नुसतं नाणं उडवलं असतं तरी आठच्या आसपासच आले असते.

आशुतोष हसायला लागला, "यार, मी तर पैजेवर सांगितलं असतं." के.राव हसले नाहीत. कागद पुन्हा मोजला. मग पुन्हा.

"म्हणजे फरक नाही, आई."

"आज, या खोलीत, या अ‍ॅम्पवर, तुम्हाला चौघांना ओळखता आला नाही. एवढंच लिहा. त्याच्या पुढचं मला माहीत नाही."

त्यांनी खरंच तसं लिहून घेतलं. शब्दाला शब्द.

२९ जुलै, मंगळवार

वैशूकडून कळलं. इंटरनेटवर असल्या स्पीकरवेड्यांचा एक गट आहे. तिथे जावयांनी आधीच मोठा लेख टाकला होता, पडदा बाजूला झाला वगैरे. लोकांनी वाहवा केली होती. काल त्याच लेखाखाली त्यांनी चाचणी लिहिली. सोळापैकी नऊ. मी चुकलो होतो, असं. आणि खाली: चाचणी माझ्या सासूबाईंनी घेतली, त्यांनी बंगळुरात एकतीस वर्षं माइक सेट चालवला, त्यांतली चोवीस एकटीने.

आकडा वैशूने दिला असणार. बरोबर आहे.

लेख काढून टाकता आला असता. कुणाला कळलं नसतं.

मी जेवायला वाढताना तूप जरा जास्त वाढलं. त्यांनी खाल्लं.

३० जुलै, बुधवार

उत्तरं आलीत. के.रावांनी वाचून दाखवली. एक जण लिहितो, घरगुती स्विचमुळेच फरक बुडाला असणार, सासूबाईंनी सोल्डर नीट केलं असेल कशावरून.

मला राग आला. इतका की भात लागला. सोळाच्या सोळा जोड या माणसाला आणून दाखवावेत.

के.राव म्हणाले, "आई, मी लिहू का काही?"

म्हटलं, लिहा की त्याने त्याचा स्विच बनवावा आणि स्वतःच्या घरी करून बघावं. आमचं खोटं निघालं तर मी कॉफी पाजेन.

लिहिलं त्यांनी. 'फिल्टर कॉफी' असं.

दुसऱ्या एकाचं मात्र शहाणपणाचं होतं. त्याने विचारलंय, स्पीकरच्या पोटातली जाळी काढून, आवाज अ‍ॅम्पच्या आधीच वाटून दिला तर? ते कुणी केलंय का?

केदाररावांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही केलंय?"

मी हसले. दर गणपतीत, म्हटलं.

३१ जुलै, गुरुवार

काल बोलता बोलता सांगितलं, इथेही टिपते.

हे गेल्यानंतरचा दुसरा गणपती. ऑर्केस्ट्रा होता. ढोलक, बेस गिटार सुरू झालं की अ‍ॅम्पचा दम संपायचा, आवाज फाटायचा, आणि फाटलेला आवाज वरच्या स्वरांच्या हॉर्नमध्ये जाऊन हॉर्न जळायचे. पाच दिवसांत तीन जळाले. मंडळवाला सगळ्यांसमोर म्हणाला, बाईच्या हाती दिलं की असंच. मी रडले नाही. एसपी रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका म्हाताऱ्या मुदलियारांचं दुकान होतं, त्यांच्याकडे जाऊन बसले. त्यांनी कागदावर काढून दिलं. आवाज आधी वाटायचा डबा, क्रॉसओव्हर, मग दोन वेगळे अ‍ॅम्प. खालचा कितीही दमला तरी वरच्याला त्याची झळ नाही. दोन दिवस बसून शिकले. पुढचा पूर्ण मोसम एकही हॉर्न जळाला नाही. निवेदकाचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेत पोचायचा, मी स्वतः चालत जाऊन ऐकून यायची.

त्याच मंडळाने नंतर चौदा वर्षं दुसरं कुणाला बोलावलं नाही.

हे सांगून झालं. वैशू म्हणाली, "मला फक्त आठवतं की तू घरी नसायचीस."

हो. तेही खरं आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

के.राव म्हणाले, करून बघू. नवे स्पीकर उघडायचे नाहीत, वैशूने बजावलंय. कॉलेजातली त्यांची लहान जोडी आहे, आणि तेव्हाचाच जुना दोन बाजूंचा अ‍ॅम्प. दोन बाजू म्हणजे एकाच स्पीकरला पुरतील. एक खालच्याला, एक वरच्याला. टाकी इथेही एकच आहे, पण या खोलीत ती रिकामी होण्याइतकं कोण वाजवणार. बघायचंय ते आधी वाटून दिल्याने काय होतं. दुसरा स्पीकर जसा आहे तसा ठेवू, दुसऱ्या अ‍ॅम्पवर, शेजारी. तुलना होईल.

नागराजला फोन केला. क्रॉसओव्हरचा डबा द्यायला तो तयार. वर म्हणाला, "अक्का, परत धंद्यात येताय काय?"

३ ऑगस्ट, रविवार

दिवसभर काम. स्पीकर उघडला, पोटातली जाळी काढून बाजूला ठेवली. वायरी सरळ बाहेर. आतल्या, वरच्या आवाजाच्या नाजूक स्पीकरच्या वाटेत एक कपॅसिटर ठेवला, कुणाची चूक झाली तर तो जळू नये म्हणून. "कुणाची" म्हणजे कुणाची, असं वैशूने विचारलं. आम्ही दोघांनी स्क्रू मोजायला घेतले.

सोल्डर जावयांना करू दिलं. पहिला जोड गार पडला, राखाडी, खरबरीत. म्हटलं, काढ, पुन्हा कर. जोड तापव, तारेला स्वतःहून वितळू दे. दुसराही तसाच. तिसरा चकचकीत. मला दाखवायला स्पीकर उचलून खिडकीपाशी घेऊन आला.

आता 'तू' असंच चाललंय. कधीपासून ते लक्षात नाही. पुण्याला विहीणबाईंना कळलं तर काय म्हणतील.

५ ऑगस्ट, मंगळवार

आवाज कुठे तोडायचा, वरच्याला किती द्यायचा, ते संध्याकाळी लावत बसलो. केदार मोबाइलवर आलेख बघून सांगतो, मी बटण फिरवते. जिथे वर जास्त लागतं तिथे मी त्याच्या कानावर चालते, स्वतःच्या नाही. त्याने एकदा म्हटलं, "आई, इथे जरा बोचतंय." आलेखात काही दिसत नव्हतं. तरी मी कमी केलं. पुन्हा मोजल्यावर तिथेच टेकाड निघालं.

कान चांगला आहे त्याचा. आधी कुणी शिकवलं नव्हतं एवढंच.

गटातल्या त्या सोल्डरवाल्याने स्विच मागवलाय म्हणे. बघू.

७ ऑगस्ट, गुरुवार

उद्या वरमहालक्ष्मी, इथला मोठा पूजेचा सण. खाली फुलवाल्यांची गर्दी, शेवंती मिळाली, केळीचे खांब गिरीशची बायको आणणार आहे. दोघं ऑफिसला. केदारला महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून यायला आज आठ तरी वाजतील.

दहाच्या सुमाराला सगळं आवरून खोलीत गेले. दोन्ही छोटे स्पीकर शेजारी शेजारी. एक जुना, एक आमचा. मीटरने पातळी सारखी केली. एका बाईचं नुसतं गाणं लावलं, मागे तंबोरा. आधी एकावर, मग दुसऱ्यावर. खुर्ची जरा तिरकी ठेवली, उजवा कान पुढे. पाऊण तास ऐकलं. मग मान वळवून डाव्याने. मग पुन्हा उजव्याने.

कशावर काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

केदार ही वही वाचत नाही, मला माहीत आहे. पण उद्या पूजेनंतर या दोघांची चाचणी आहे. एकदा लिहून ठेवलं की उद्या चादरीमागे बटण फिरवताना नाणं काही म्हणो, माझा हात त्या बाजूला ओढ घेईल. बटणाचा आवाज नाही, पण श्वास तरी बदलेल. तो आता इतकं ऐकायला लागलाय की त्याला ते कळेल.

वही बंद करते. हार करायचाय.